मृत्युपत्र, बक्षीसपत्र की ट्रस्ट? पुण्यातला फ्लॅट, गावची शेती आणि बौद्धिक दिव्यांग भाऊ

कृष्णाकाठ

वडील ७४ वर्षांचे, आई ६९. वडील राज्य सरकारच्या सेवेतून निवृत्त. मालमत्ता अशी: पुण्यात सोसायटीतला फ्लॅट, १९९४ साली घेतलेला, शेअर सर्टिफिकेटवर फक्त वडिलांचं नाव. सातारा जिल्ह्यात २ एकर १० गुंठे जिरायत जमीन, आजोबांकडून आलेली (आजोबा १९८१ साली वारले, आजी १९९० साली). शिवाय मुदतठेवी आणि काही म्युच्युअल फंड. आम्ही तीन भावंडं. मी थोरला. बहीण कॅनडाची नागरिक, तिच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) आहे. धाकटा भाऊ ३६ वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग, प्रमाणपत्र ७५ टक्क्यांचं.

वडिलांच्या मनात आहे ते असं: फ्लॅट आईला, तिच्यानंतर धाकट्याच्या सोयीसाठी. शेती मला आणि बहिणीला निम्मी निम्मी. ठेवी आईला. मी मसुदा टाइप करून ठेवला आहे. ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर छापून नोटरी केला की पुरे का? सगळीकडे नॉमिनी मीच आहे, मग मृत्युपत्राची खरंच गरज आहे का? ओळखीचे लोक म्हणतात, मुलांना बक्षीसपत्राला २०० रुपयेच मुद्रांक लागतो, आत्ताच करून टाका. आणि फ्लॅट थेट भावाच्या नावे लिहिला तर काय अडेल?

मसुदाकार

मृत्युपत्र लिहिणं सोपं असतं. ते लिहिणारा गेल्यावर सिद्ध करणं अवघड असतं. म्हणून प्रत्येक गोष्ट त्या दिवसाचा विचार करून ठरवा.

स्टॅम्पपेपर लागत नाही. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, साध्या कोऱ्या कागदावरचं चालतं. नोटरीही बंधनकारक नाही, आणि नोटरीचा शिक्का साक्षीदारांची जागा घेऊ शकत नाही. सर्वांत जास्त मृत्युपत्रं इथेच पडतात: नोटरीची सही आहे, वकिलाची ‘माझ्यासमक्ष’ म्हणून सही आहे, पण साक्षीदार एकच. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे किमान दोन साक्षीदार हवेत. प्रत्येकाने वडिलांना सही करताना पाहिलेलं असावं, किंवा ‘ही माझीच सही’ असं त्यांच्या तोंडून ऐकलेलं असावं, आणि त्याने स्वतःची सही वडिलांच्या समोर केलेली असावी. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असणं कायद्याला आवश्यक नाही, पण तसं करा. उद्या कोर्टात दोघांच्या सांगण्यात फरक पडत नाही.

वाद झाला तर त्या दोघांपैकी किमान एकाला कोर्टात साक्ष द्यावी लागते (भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चं कलम ६७, पूर्वी पुरावा कायद्याचं ६८). म्हणून वडिलांच्या वयाचे दोन मित्र घेऊ नका. ४०-५० च्या आसपासचे, एका जागी स्थिर असलेले, पत्ता सहसा न बदलणारे घ्या. एक साक्षीदार डॉक्टर असेल तर उत्तम: वडील शुद्धीवर आहेत, त्यांना समजतं आहे, असा दाखला त्याच दिवशीच्या तारखेचा, मृत्युपत्राला जोडून.

लाभार्थी साक्षीदार नको. ख्रिश्चन आणि पारशी कुटुंबांत साक्षीदाराला किंवा त्याच्या पती-पत्नीला दिलेलं उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६७ नुसार रद्दच होतं. हिंदूंना ते कलम लागू नाही, पण संशयाला जागा मिळतेच.

आता नाजूक भाग. मसुदा तुम्ही टाइप केला आहे, आणि तुम्हीच एक लाभार्थी आहात. ज्याला फायदा होतो त्यानेच मृत्युपत्र तयार करण्यात पुढाकार घेतला, तर कोर्ट ती संशयास्पद परिस्थिती मानतं आणि संशय दूर करण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकतं. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ पासून हे तत्त्व लावून धरलं आहे. तेव्हा तुमची फाइल बाजूला ठेवा. वडिलांनी स्वतः वकिलाकडे जावं, फी त्यांच्या खात्यातून जावी, सहीच्या वेळी तुम्ही खोलीत नसावं. ते स्वतःच्या हाताने मराठीत लिहू शकत असतील तर त्याहून चांगलं काही नाही.

नोंदणी ऐच्छिक आहे, पण या घरात ती कराच. मृत्युपत्र राज्यातल्या कोणत्याही दुय्यम निबंधकाकडे नोंदवता येतं, जमीन साताऱ्याला असली तरी पुण्यात चालतं. प्रकृतीमुळे जाता येत नसेल तर गृहभेटीचा अर्ज करता येतो. त्याची नोंद वेगळ्या, तिसऱ्या क्रमांकाच्या पुस्तकात होते, आणि वडील हयात असेपर्यंत नक्कल त्यांना किंवा त्यांनी नेमलेल्या प्रतिनिधीलाच मिळते. त्यामुळे ‘नोंदवलं की भावकीला कळेल’ ही भीती अनाठायी आहे. मात्र नोंदणी झाली म्हणजे मृत्युपत्र सिद्ध झालं असं नाही, साक्षीदार तरीही लागतात. आणि नोंदवलेलं मृत्युपत्रही नंतरच्या, न नोंदवलेल्या मृत्युपत्राने बदलता येतं.

मजकुरात हमखास राहून जातं ते सांगतो. आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द केल्याचं वाक्य. ‘आई माझ्याआधी गेल्यास’ काय, ते. आणि ‘वर उल्लेख न केलेली व यापुढे मिळणारी सर्व मिळकत अमुक यांना’ हे वाक्य. हे नसेल तर उद्या उघडलेलं एखादं खातं मृत्युपत्राबाहेर पडतं आणि तेवढ्यासाठी वारसा प्रमाणपत्राला कोर्टात जावं लागतं. ठेवींचे पावती क्रमांक लिहू नका. ठेव मुदतीनंतर पुन्हा गुंतवली की क्रमांक बदलतो आणि बँक ‘ही ती ठेव नव्हे’ म्हणते. बँक, शाखा आणि ‘सर्व खाती व ठेवी’ एवढं पुरतं. एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा, नेमा; प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) एक्झिक्युटरलाच मिळतं, तो नेमला नसेल तर वेगळा अर्ज करावा लागतो.

बक्षीसपत्राचं: पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात आणि दिवंगत मुलाची पत्नी यांना राहतं घर किंवा शेतजमीन दिल्यास मुद्रांक शुल्क २०० रुपये, हे खरं आहे (इतर उपकर व नोंदणी वेगळी). पण नोंदवलं त्या दिवशी वडिलांची मालकी संपते, आणि मन बदललं तरी मागे घेता येत नाही. ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ खाली प्रांताच्या न्यायाधिकरणाकडे जाता येतं, पण सांभाळ करण्याची अट दस्तात लिहिलेली नसेल तर ती होती हे दाखवण्यात दमछाक होते. ७४ व्या वर्षी, राहत्या घराच्या बाबतीत, फक्त मुद्रांक वाचतो म्हणून हे करू नये. मृत्युपत्रालाही मुद्रांक नाहीच. आणि वारशाने मिळणाऱ्या मालमत्तेवर भारतात कर नाही, इस्टेट ड्यूटी १९८५ सालीच गेली.

फेरफार

शेतीचं आधी बघा. वडिलांच्या नावावर सातबारा आहे याचा अर्थ २ एकर १० गुंठे त्यांचेच आहेत असा होत नाही. दोन गोष्टी शोधा: आजोबांकडे जमीन कशी आली, आणि १९८१ साली वारस नोंद कशी झाली. दोन्ही जुन्या फेरफारांत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये सापडतील. ‘आपले अभिलेख’वर बऱ्याच तालुक्यांचे स्कॅन आहेत; नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज.

का, ते सांगतो. जमीन पणजोबांपासून एकत्र कुटुंबाची चालत आली असेल तर तुम्हा तिघांचा त्यात जन्मतःच हक्क आहे, २००५ च्या दुरुस्तीने बहिणीचाही. महाराष्ट्रात वाटणीच्या वेळी पत्नीलाही मुलाएवढा हिस्सा धरतात. म्हणजे पाच हिस्से, आणि वडील मृत्युपत्राने फक्त आपला एक पंचमांश देऊ शकतात. उलट आजोबांनी स्वतः खरेदी केली असेल, तर १९५६ नंतर वारशाने आलेली ती जमीन वडिलांच्या हातात त्यांची स्वतंत्र मिळकत ठरते आणि त्यांच्या वाट्याचं सगळं ते देऊ शकतात.

कृष्णाकाठ

दोन्ही फेरफार ऑनलाइन मिळाले. आजोबांनी १९६३ साली खरेदीखताने जमीन घेतली आहे. १९८१ च्या नोंदीत वडिलांचं नाव कब्जेदार सदरी (सातबाऱ्यावरचा मालकाचा रकाना), आणि आजी व आत्या यांची नावं ‘इतर हक्क’ या रकान्यात. आत्या हयात आहेत. मसुद्यात मात्र ‘माझी वडिलोपार्जित शेतजमीन’ असं लिहिलेलं आहे.

फेरफार

‘वडिलोपार्जित’ आधी काढून टाका. बोलताना आपण वडिलांकडून आलेल्या कशालाही तसं म्हणतो, पण तो शब्द वडिलांच्याच सहीने मृत्युपत्रात आला की समोरच्या वकिलाला आयतं हत्यार मिळतं. त्याऐवजी इतिहास लिहा: ‘गट क्रमांक अमुक, माझे वडील यांनी १९६३ साली खरेदीखताने घेतलेली, त्यांच्या मृत्यूनंतर फेरफार क्रमांक अमुकने मला वारसाहक्काने मिळालेल्या हिश्श्यापुरती.’

‘हिश्श्यापुरती’ का? कारण तुमच्या आत्या. आजोबांची जमीन स्वतःची होती आणि ते मृत्युपत्राशिवाय गेले असतील, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ८ प्रमाणे आजी, वडील, आत्या तिघांना सारखा, एक तृतीयांश हिस्सा. १९९० साली आजीचा तृतीयांश वडील आणि आत्या यांच्यात निम्मा निम्मा. हिशेब केला तर आज वडिलांचे ४५ गुंठे आणि आत्यांचे ४५ गुंठे. त्या काळी मुलींची नावं सर्रास इतर हक्कात टाकली जात, पण रकाना बदलल्याने हिस्सा कमी होत नाही. फेरफार महसुलासाठी असतो, त्यातून मालकी निर्माणही होत नाही आणि जातही नाही.

आत्यांना हिस्सा सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं लागेल; ५०० रुपयांच्या बाँडवरचं ‘मला काही नको’ उपयोगाचं नाही. त्यांना सोडायचा नसेल तर तो त्यांचा हक्क आहे, आणि मृत्युपत्र ४५ गुंठ्यांपुरतंच करावं. सगळी जमीन स्वतःची म्हणून लिहिलेल्या मृत्युपत्रावर त्या हरकत घेतील, नोंद ‘तक्रारी’ होऊन तहसीलदारांकडे जाईल, आणि खरा वाद तिथे सुटतच नाही, दिवाणी कोर्टातच जावं लागतं.

४५ चे निम्मे म्हणजे साडेबावीस गुंठे. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनुसार बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र (ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते) जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे आहे, त्यामुळे तुकडा पडत नाही. पण अगदी काठावर आहे. विहीर किंवा रस्त्यात दोन-तीन गुंठे गेले की मोजणी अडते. मृत्युपत्रात चतुःसीमा टाकून तुकडे पाडण्यापेक्षा ‘अविभक्त समान हिस्सा’ लिहावं, वाटप तुम्ही दोघं नंतर करा.

बहिणीच्या बाबतीत आणखी एक. ओसीआय कार्डधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीस म्हणूनही घेता येत नाही, पण भारतात राहणाऱ्या व्यक्तीकडून वारशाने घेता येते. म्हणजे बक्षीसपत्राचा सल्ला तुमच्या घरात शेतीपुरता तरी सरळ बेकायदेशीर ठरला असता. पुढे तिला विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येईल, आणि महाराष्ट्रात तो शेतकरीही हवा. पैसे एनआरओ खात्यात (अनिवासींचं भारतातलं रुपयांतलं खातं) जमा होऊन आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. मृत्युपत्राला तिची सही किंवा संमती लागत नाही.

पालकत्व

भावाच्या प्रश्नाला कोणी हात घातलेला नाही, आणि या घरात खरा जीव त्याच प्रश्नात आहे.

फ्लॅट थेट त्याच्या नावे करू नका. तो सज्ञान आहे, पण करार करण्याची कायदेशीर क्षमता त्याच्याकडे नसेल तर फ्लॅट भाड्याने देणं, दुरुस्तीसाठी कर्ज काढणं, विकून जवळपासच्या निवासी संस्थेत सोय करणं, यातलं काहीही त्याच्या सहीने होणार नाही. प्रत्येक वेळी पालक आणि परवानगी. दुसरं टोक तितकंच वाईट: ‘फ्लॅट थोरल्याला, तो धाकट्याला सांभाळेल’. थोरल्याचं कर्ज थकलं, त्याचा घटस्फोट झाला किंवा तोच आधी गेला, तर फ्लॅट त्याच्या वारसांचा आणि धाकट्याच्या हातात काहीच नाही. ‘सांभाळेल’ या शब्दावर अंमलबजावणी करता येत नाही.

मधला मार्ग म्हणजे मृत्युपत्रातूनच खाजगी ट्रस्ट निर्माण करणं. स्थावर मालमत्तेचा ट्रस्ट एक तर नोंदणीकृत दस्ताने होतो किंवा मृत्युपत्राने. हयातीत फ्लॅट ट्रस्टकडे दिला तर मुद्रांकाचा प्रश्न येतो, मृत्युपत्रातून दिल्यास येत नाही. हा सार्वजनिक ट्रस्ट नाही, धर्मादाय आयुक्तांशी याचा संबंध नाही. आयकराचीही सोय आहे: लाभार्थ्यांचे हिस्से ठरलेले नसलेल्या ट्रस्टला एरवी कमाल दराने कर बसतो, पण मृत्युपत्राने केलेला आणि त्या व्यक्तीने केलेला तो एकमेव तसा ट्रस्ट असेल, धंद्याचं उत्पन्न नसेल, तर सामान्य टप्प्यांनी. म्हणून एकाच मृत्युपत्रात नातवंडांसाठी दुसरा ट्रस्ट घालायचा मोह टाळा.

आईचं काय? ‘आईला तहहयात, नंतर धाकट्याला’ हे वाक्य दिसतं तितकं निरुपद्रवी नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ मुळे, पत्नीला तिच्या पोटगीच्या हक्कापोटी दिलेला मर्यादित हक्क पूर्ण मालकीत बदलतो, असे निकाल १९७७ पासून आहेत. मग आईच्या पश्चात फ्लॅट तिच्या सर्व वारसांत वाटला जाईल आणि वडिलांची योजना कोलमडेल. त्यापेक्षा फ्लॅट पहिल्या दिवसापासून ट्रस्टकडे द्या आणि आई व भाऊ दोघांनाही लाभार्थी करा. मजकूर साधारण असा:

‘सदर सदनिका मी खालील विश्वस्तांकडे सोपवत आहे. माझी पत्नी व माझा धाकटा मुलगा यांना तेथे तहहयात, विनामोबदला राहू द्यावे. दोघांपैकी कोणीही तेथे राहत नसेल तर सदनिका भाड्याने द्यावी अथवा विकावी, व येणारी रक्कम दोघांचे अन्न, औषधोपचार, निवास, काळजीवाहकाचा पगार व करमणूक यांवर विश्वस्तांच्या विवेकाने खर्च करावी.’

विकण्याचा अधिकार स्पष्ट लिहाच. तो नसला की विश्वस्तांना कोर्टाची परवानगी काढत बसावं लागतं. गुंतवणुकीचा अधिकारही मोकळा ठेवा. नुसता फ्लॅट देऊन भागत नाही: सोसायटीची देखभाल, मालमत्ता कर आणि काळजीवाहकाचा पगार दर महिन्याला लागतो, म्हणून ठेवींचा काही भाग ट्रस्टमध्ये जायला हवा. सगळ्या ठेवी आईला, ही योजना इथे अपुरी पडते.

विश्वस्त तीन असावेत, निर्णय दोघांच्या संमतीने. तुम्ही एक असू शकता, एकटे मात्र नको. भावाच्या पश्चात उरलेलं तुम्हाला मिळणार असेल तर जितका खर्च कमी तितका तुमचा फायदा, ही स्थिती कागदावरही असू नये. दुसरी विश्वस्त म्हणून बहीण चालेल, तिसरा घराबाहेरचा, हिशेब कळणारा. एखादा गेला किंवा बाजूला झाला तर पुढचा कोण नेमणार, दरवर्षी हिशेब कोणाला दाखवणार, भावाच्या पश्चात शिल्लक कोणाला, हे तिन्ही लिहा. आणि विश्वस्तांना आधी विचारा. सूचना न देता नेमलेला विश्वस्त नकार देऊ शकतो.

ट्रस्ट पैसे सांभाळतो. माणसाचा पालक वेगळा. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता असलेल्या १८ वर्षांवरील व्यक्तीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. आईवडील हयात असतानाच करा, त्यांचं म्हणणं समितीसमोर थेट येतं. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागतो.

वडील सरकारी निवृत्तिवेतनधारक आहेत म्हणून शेवटचं पण महत्त्वाचं: कमावण्यास असमर्थ दिव्यांग अपत्याला आईनंतर आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. ते मृत्युपत्राने देता येत नाही, नियमानेच मिळतं. वडिलांनी आत्ताच कार्यालयामार्फत भावाचं नाव आणि वैद्यकीय प्रमाणपत्र निवृत्तिवेतनाच्या कागदांत नोंदवून घ्यावं. दोघं गेल्यावर हे सुरू करायला भावंडांना फार खेटे घालावे लागतात.

मांडवी

नॉमिनीबद्दल. नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा, मालक नव्हे. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. गृहनिर्माण सोसायटीत २०१९ च्या दुरुस्तीनंतर नॉमिनी तात्पुरता सभासद होतो, खरे हक्कदार येईपर्यंत. आयुर्विम्यात अपवाद: आईवडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम सहसा त्यांचीच. म्हणून नॉमिनी आणि मृत्युपत्र एकाच दिशेला असू द्या. ठेवी आईला द्यायच्या तर नॉमिनी आई करा. नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत चार जणांपर्यंत, टक्केवारीसह, नेमता येतात.

मुंबईत फ्लॅट असलेल्यांसाठी: तिथे हिंदूंना प्रोबेट बंधनकारक करणारं भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम २१३ डिसेंबर २०२५ मध्ये वगळलं गेलं. पुण्याला तशी सक्ती आधीही नव्हती. तरी वारसांत वाद असेल तर प्रोबेट घेतलेलं बरं.

हा धागा वाचून कोणी गोव्यातल्या आईवडिलांसाठी हाच मसुदा वापरू नये. तिथे वारसांचा निम्मा वाटा राखीव, उरलेल्या निम्म्याचंच मृत्युपत्र, तेही स्पेशल नोटरीपुढे. पती-पत्नीची मालमत्ता बहुधा सामाईक, म्हणजे तो निम्मा भागही स्वतःच्या अर्ध्यातला. मुस्लिम कुटुंबांत मर्यादा एक तृतीयांशाची, आणि वारसालाच द्यायचं तर इतर वारसांची संमती लागते.

मसुदाकार

आईचंही वेगळं मृत्युपत्र त्याच आठवड्यात करा, दोघांचं मिळून एक नको. एकत्र मृत्युपत्रात एक गेल्यावर दुसऱ्याला बदल करता येतो की नाही, यावर वर्षानुवर्षं भांडणं चालतात. आईच्या नावावर आज दागिने आणि बचत खातं एवढंच असलं तरी वडिलांच्या ठेवी उद्या तिच्याकडे येणार, आणि तिने काही लिहिलं नसेल तर तिघांना सारख्या वाटल्या जातील. भावाचा वाटा पुन्हा थेट त्याच्या नावे. ज्यासाठी ट्रस्ट केला तेच मागच्या दाराने निसटेल. तिच्या मृत्युपत्रात भावाचा वाटा ‘माझ्या पतीच्या मृत्युपत्राने निर्माण झालेल्या ट्रस्टच्या विश्वस्तांकडे’ असा लिहा, आणि ती आधी गेल्यास तो वडिलांकडे.

मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका, निदान वडिलांच्या एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये तरी. ते गेल्यावर लॉकर उघडायलाच कागद मागतात, आणि तो कागद आत असतो. एक्झिक्युटरकडे ठेवा, किंवा बंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेव म्हणून द्या, तशी तरतूद नोंदणी कायद्यात आहे. दस्त क्रमांक, तारीख आणि कार्यालयाचं नाव मात्र बहिणीलाही कळवून ठेवा. मृत्यूच्या दाखल्यावर नक्कल कोणालाही काढता येते.